महासाथ पुनरुत्थान निधी, अमेरिकेतील स्थानिक शासनांचा

कोविड-१९ च्या महासाथीमुळे उद्‌भवलेल्या आर्थिक व सामाजिक हानीच्या निवारणार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघशासनाने घटकराज्ये, काउंट्या, शहरे, गावे, मूळ रहिवाशांची राष्ट्रे व संघीय प्रदेश यांना दिलेले एकरकमी वित्तीय साहाय्य. ११ मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ बायडन यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ या अधिनियमान्वये हा निधी निर्माण झाला. त्या अधिनियमातील एकूण तरतूद सु. १,९०० अब्ज डॉलरची होती. तीपैकी ३५० अब्ज डॉलर या निधीसाठी राखून ठेवण्यात आले होते. एवढी मोठी रक्कम वापराचे बरेच स्वातंत्र्य देऊन आणि लहानात लहान ग्रामशासनापर्यंत पोहोचविण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या इतिहासात त्यापूर्वी क्वचितच झाला होता. त्यामुळे या निधीच्या विनियोगाचा वृत्तांत हा केवळ महासाथीचा नव्हे, तर संघशासन आणि स्थानिक शासन यांच्यातील संबंधांच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संविधानात शहरांचा अथवा गावांचा उल्लेख नाही. संविधानाच्या दृष्टीने सत्तेची वाटणी संघशासन व घटकराज्ये यांच्यातच झालेली असून स्थानिक शासने ही घटकराज्यांची निर्मिती होत. आयोवा राज्यातील न्यायाधीश जॉन एफ. डिलन यांनी १८६८ मध्ये हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. राज्याने स्पष्टपणे दिलेल्या वा त्यातून अपरिहार्यपणे निष्पन्न होणाऱ्या अधिकारांपलीकडे नगरपालिकेला अधिकार नाहीत, असा त्याचा आशय होता. पुढे अनेक राज्यांनी शहरांना स्वशासनाच्या सनदा दिल्या. तथापि मूळ कल्पना कायम राहिली. तिचा व्यवहारातील परिणाम असा, की वॉशिंग्टनहून येणारा पैसा राज्याच्या राजधानीतून जाई व तेथील राजकारण त्यावर आपला ठसा उमटवी.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा महामंदीच्या काळात गेला. बेकारांची संख्या वाढत होती आणि करवसुली मात्र खालावत होती, अशा कोंडीत सापडलेले महापौर १९३२ मध्ये डिट्रॉइट येथे एकत्र आले. त्या मेळाव्यातून ‘यू. एस. कॉन्फरन्स ऑफ मेयर्स’ ही संघटना उदयास आली आणि शहरे संघशासनाकडे थेट दाद मागू लागली. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेल्या ‘वर्क्स प्रोग्रेस ॲड्‌मिनिस्ट्रेशन’ या यंत्रणेने १९३५ ते १९४३ या काळात सु. ८५ लाख लोकांना काम दिले. रस्ते, शाळा, उद्याने, पदपथ, विमानतळ अशी असंख्य कामे तिने केली. ती स्थानिक शासनांनी सुचवावयाची, खर्चाचा काही वाटा त्यांनी उचलावयाचा व मजुरी प्रामुख्याने संघशासनाने द्यावयाची, अशी पद्धत होती. या कामांपैकी पुष्कळशी आजही वापरात आहेत.

दुसरा टप्पा रिचर्ड निक्सन यांच्या काळातील महसूल-विभागणीचा होय. २० ऑक्टोबर १९७२ रोजी फिलाडेल्फिया येथे निक्सन यांनी ज्या अधिनियमावर स्वाक्षरी केली, त्याने पाच वर्षांत सु. ३० अब्ज डॉलर राज्ये व स्थानिक शासने यांना द्यावयाचे ठरविले. त्यांपैकी एकतृतीयांश राज्यांना व दोनतृतीयांश स्थानिक शासनांना मिळावयाचे होते. सु. ३८ ते ३९ हजार शासनांना या निधीचा लाभ झाला. यातील अडचण लवकरच लक्षात आली. पैशाला रंग नसतो. संघशासनाकडून आलेल्या रकमेतून अग्निशमन दलाचे पगार दिले आणि त्यामुळे वाचलेल्या स्थानिक करातून दुसरेच काही केले, तर संघशासनाच्या पैशाने नेमके काय झाले हे सांगता येत नाही. समर्थकांच्या मते हेच या योजनेचे वैशिष्ट्य होते, तर विरोधकांच्या मते हाच तिचा दोष होता. १९८० नंतर राज्यांचा वाटा बंद झाला आणि १९८६ मध्ये रॉनल्ड रेगन यांच्या कारकीर्दीत ही योजनाच संपुष्टात आली. मधल्या काळात, १९७४ मध्ये, समुदाय-विकासाचे ठोक अनुदान सुरू झाले होते. ते टिकले व त्याचे वाटपसूत्र पुढे २०२१ मध्ये अनपेक्षितपणे महत्त्वाचे ठरले.

२००८ च्या वित्तीय अरिष्टानंतर १७ फेब्रुवारी २००९ रोजी संमत झालेल्या पुनरुत्थान अधिनियमातील साहाय्य बव्हंशी राज्यांच्या मार्फत देण्यात आले. ते ओसरताच नगरपालिकांनी शिक्षक, ग्रंथपाल व पोलीस कमी केले. राज्ये व स्थानिक शासने यांच्या कर्मचाऱ्यांची संख्या पूर्वपदावर येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. २०२१ च्या विधेयकाच्या शिल्पकारांच्या मनात हा अनुभव ताजा होता. यावेळी मदत कमी पडता कामा नये, अशी त्यांची धारणा झाली होती व पुढील अनेक गुणदोषांचे मूळ या धारणेत आढळते.

कोविड काळातील पहिले साहाय्य : २७ मार्च २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘केअर्स’ अधिनियमात राज्ये, स्थानिक शासने इत्यादींसाठी १५० अब्ज डॉलरची तरतूद होती. तथापि पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या स्थानिक शासनांनाच ती थेट मिळू शके. शिवाय ती महासाथीमुळे उद्‌भवलेल्या व अंदाजपत्रकात पूर्वी न धरलेल्या खर्चासाठीच होती. बुडालेल्या महसुलाची भरपाई तीतून करता येत नव्हती. हॉटेले, नाट्यगृहे व दुकाने बंद पडल्याने शहरांचे विक्रीकर आणि इतर कर आटले, पण ती तूट भरून काढण्याचा मार्ग नव्हता. २०२० च्या वसंतात राज्ये व स्थानिक शासने यांच्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दुसरीकडे, पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांचे पगार हे महासाथीशी निगडित खर्च मानण्याची मुभा ट्रेझरी खात्याने दिल्याने शिकागोने २८ कोटी १५ लाख डॉलर पोलिसांच्या वेतनाकडे वळविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावरून महापौर लोरी लाइटफुट यांच्यावर नगरपरिषदेत कडाडून टीका झाली.

नव्या विधेयकातील राज्ये व शहरे यांच्या साहाय्यास रिपब्लिकन पक्षाचा विरोध होता. डेमोक्रॅटिक राज्यांनी पूर्वीपासून करून ठेवलेल्या उधळपट्टीचा भार सर्व देशावर टाकला जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. सेनेटने विधेयक ५० विरुद्ध ४९ आणि प्रतिनिधिगृहाने २२० विरुद्ध २११ मतांनी संमत केले. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्यास मिळाले नाही. लॉरेन्स समर्स या डेमोक्रॅटिक पक्षाच्याच माजी अर्थमंत्र्यांनी एकूण मदतीचा आकार अर्थव्यवस्थेतील तुटीच्या मानाने फार मोठा असल्याचा इशारा फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला होता.

वाटप : ३५० अब्ज डॉलरपैकी घटकराज्ये व कोलंबिया जिल्हा यांना १९५.३ अब्ज, काउंट्यांना ६५.१ अब्ज, महानगरीय शहरांना ४५.५७ अब्ज, पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या बहुतेक गावांना व नगरांना १९.५३ अब्ज, मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांना २० अब्ज आणि प्वेर्त रीको, ग्वॉम इ. संघीय प्रदेशांना ४.५ अब्ज डॉलर मिळाले. म्हणजे निव्वळ स्थानिक शासनांचा वाटा १३०.२ अब्ज डॉलर होता. स्थानिक शासनांना ही रक्कम दोन हप्त्यांत, पहिला मे २०२१ पासून व दुसरा त्यानंतर बारा महिन्यांनी, देण्यात आली. लाभधारक शासनांची संख्या तीस हजारांच्या वर होती.

काउंट्यांचा वाटा लोकसंख्येवर ठरला, परंतु महानगरीय शहरांसाठी १९७४ च्या समुदाय-विकास अनुदानाचे सूत्र वापरण्यात आले. या सूत्राच्या एका पर्यायात दारिद्र्याबरोबरच १९४० पूर्वी बांधलेल्या घरांची संख्या आणि लोकसंख्यावाढीतील पिछेहाट यांना मोठे वजन आहे. साहजिकच ज्या जुन्या औद्योगिक शहरांतून लोक निघून गेले होते, त्यांना अधिक रक्कम मिळाली. २०२० च्या जनगणनेनुसार सु. ६ लाख ३९ हजार लोकसंख्या असलेल्या डिट्रॉइटला जवळजवळ ८२ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. सोळा लाख लोकसंख्येच्या फीनिक्सच्या वाट्याला सु. ३९ कोटी ६० लाख आले. दरडोई हिशेब केला, तर डिट्रॉइटचा वाटा फीनिक्सच्या पाचपटीहून अधिक भरतो. महासाथीने केलेल्या हानीशी या फरकाचा थेट संबंध नव्हता. एका परीने पन्नास वर्षांच्या उद्योगऱ्हासाची भरपाई एका साथरोगाच्या निमित्ताने झाली, असे म्हणता येईल.

लहान गावांची रक्कम मात्र राज्यांच्याच हातून जावयाची होती. राज्यांनी ती लोकसंख्येच्या प्रमाणात, कोणतीही जादा अट न घालता, तीस दिवसांत वाटावी असा नियम होता. तसेच कोणत्याही गावाला त्याच्या महासाथपूर्व वार्षिक अंदाजपत्रकाच्या ७५ टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये अशी मर्यादा होती. अशी गावे व नगरे २६ हजारांहून अधिक होती. त्यांपैकी कित्येकांचा कारभार आठवड्यातून काही तासच कचेरीत येणाऱ्या एकट्या कारकुनावर चालतो. संघशासनाच्या नोंदवह्यांत नाव नोंदविणे, वर्षाचा अहवाल भरणे, निविदांचे नियम पाळणे ही कामे अशा गावांना नवीन होती व काहींनी तर रक्कम घेण्याचेच नाकारले.

नियम व त्यांतील पळवाटा : अधिनियमाने खर्चाचे चार मार्ग ठरविले : (१) सार्वजनिक आरोग्य व महासाथीचे आर्थिक दुष्परिणाम यांचे निवारण, (२) अत्यावश्यक सेवेतील कामगारांना जादा वेतन (ताशी जास्तीत जास्त १३ डॉलर व एका कामगारास एकूण २५ हजार डॉलरपर्यंत), (३) बुडालेल्या महसुलाच्या मर्यादेत शासकीय सेवा, आणि (४) पाणीपुरवठा, मलनिःसारण व ब्रॉडबँड यांची कामे. निवृत्तिवेतन निधीत भरणा करण्यास मनाई होती. राज्यांनी या पैशाच्या बळावर कर कमी करू नयेत, असेही एक कलम होते. त्याविरुद्ध अनेक राज्ये न्यायालयात गेली व जानेवारी २०२३ मध्ये अकराव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने वादी राज्यांपुरते ते घटनाबाह्य ठरविले.

या चार मार्गांपैकी तिसरा सर्वांत रुंद ठरला. महसूल किती बुडाला हे मोजण्याचे सूत्र ट्रेझरी खात्याने मे २०२१ मध्ये घालून दिले. महासाथ आली नसती तर महसूल वर्षाला किमान ४.१ टक्क्यांनी वाढला असता, असे गृहीत धरून प्रत्यक्ष जमेशी त्याची तुलना करावयाची होती. ६ जानेवारी २०२२ रोजी जाहीर झालेल्या व १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या अंतिम नियमांत हा दर ५.२ टक्के करण्यात आला. त्याहूनही महत्त्वाची सवलत अशी, की कोणताही हिशेब न मांडता एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम ‘बुडालेला महसूल’ म्हणून धरण्याची मुभा प्रत्येक शासनाला मिळाली. बहुसंख्य गावांना एकूण मिळालेली रक्कमच एक कोटीच्या आत होती. त्यामुळे त्यांचा सर्व निधी या एकाच सदरात बसला व रस्तेदुरुस्ती, अग्निशमन गाडी, पोलिसांची वाहने, नगरभवनाचे छप्पर असे जवळजवळ काहीही त्यातून करता आले. या सवलतीने कारकुनाचे काम हलके झाले, परंतु पैशाचा माग काढणे कठीण झाले. १९७२ च्या योजनेतील जुनी अडचण अशा रीतीने पुन्हा पुढे आली. स्थानिक शासनांच्या अहवालांत महसूल-भरपाई हेच सर्वांत मोठे सदर ठरले.

विनियोग : अंदाजपत्रकातील भोक बुजविणे आणि नवे काही उभारणे या दोन गरजांची ओढाताण बहुतेक मोठ्या शहरांत दिसून आली. डिट्रॉइट हे त्याचे ठळक उदाहरण होय. सु. १८ अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दबून २०१३ मध्ये दिवाळखोरी पुकारलेल्या या शहराने अनेक नागरिकसभा घेऊन निधीचा आराखडा तयार केला. जवळजवळ निम्मी रक्कम बुडालेल्या महसुलापोटी नित्य सेवा टिकविण्यास ठेवली. उरलेल्या रकमेतून वृद्ध व अपंग घरमालकांच्या घरांची छपरे व खिडक्या बदलणे, प्रथमच घर घेणाऱ्यांना प्रारंभिक भरण्यासाठी २५ हजार डॉलरपर्यंत साहाय्य, उद्याने आणि पडीक इमारतींचे निर्मूलन अशी कामे हाती घेतली. १९५० च्या दशकात मोटारींचे उत्पादन बंद होऊन ओसाड पडलेल्या पॅकार्ड कारखान्याचा पाडाव सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्यासाठीही हा निधी उपयोगी पडला. गळके छप्पर ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे; पण ज्या शहरात वडिलोपार्जित घर हीच कुटुंबाची एकमेव मालमत्ता असते, तेथे तिची दुरुस्ती न झाल्यास घर सोडावे लागते व आणखी एक वास्तू ओसाड होते. या दृष्टीने डिट्रॉइटने निवडलेली कामे विचारपूर्वक होती.

क्लीव्हलंडला, केवळ पावणेचार लाखांच्या आत लोकसंख्या असताना, सु. ५१ कोटी २० लाख डॉलर मिळाले. २०२१ च्या नोव्हेंबरात निवडून आलेले तरुण महापौर जस्टिन बिब यांनी घरांतील शिसेयुक्त रंगामुळे मुलांना होणाऱ्या विषबाधेचे निवारण, जुन्या कारखान्यांच्या जागा नव्या उद्योगांसाठी तयार करण्याकरिता पाच कोटी डॉलरचा निधी आणि शहरभर स्वस्त ब्रॉडबँड पुरविण्यासाठी एका ना-नफा संस्थेस दोन कोटी डॉलर अशा योजना पुढे रेटल्या. मात्र पैसा कोणी वाटावा, हा प्रश्न येथे सर्वांत तीव्रतेने उपस्थित झाला. निधीपैकी सु. ३ कोटी ८ लाख डॉलरचा विनियोग नागरिकांनी थेट मतदानाने ठरवावा, अशी मागणी काही कार्यकर्त्यांनी केली. ब्राझीलमधील पोर्तू अलेग्री या शहरात १९८९ मध्ये सुरू झालेल्या लोकसहभागी अंदाजपत्रकाची ही कल्पना होय. महापौरांनी तिचे लहान रूप, सु. ५० लाख डॉलरचे, नगरपरिषदेपुढे ठेवले; परंतु खर्च ठरविणे हे निवडून आलेल्या सदस्यांचे काम आहे, अशी भूमिका घेऊन परिषदेने ते फेटाळले. कार्यकर्त्यांनी मग सह्या गोळा करून शहराच्या सनदेत दुरुस्ती सुचविली. ७ नोव्हेंबर २०२३ च्या मतदानात ती थोडक्या मतांनी पडली. नॅशव्हिलमध्ये मात्र या निधीतील दोन कोटी डॉलरची कामे रहिवाशांच्या मतदानाने निवडण्यात आली.

गरीब कुटुंबांना विनाअट मासिक रोकड देण्याचे प्रयोग या निधीमुळे मोठ्या प्रमाणावर झाले. शिकागोने पाच हजार कुटुंबांना वर्षभर दरमहा ५०० डॉलर दिले. त्याच परिसरातील कुक काउंटीने ३,२५० रहिवाशांना दोन वर्षे तेवढीच रक्कम देण्यासाठी ४ कोटी २० लाख डॉलर बाजूस काढले. मॅसॅचूसेट्‌समधील केंब्रिज शहराने उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेखालील, मुले असलेल्या सर्व कुटुंबांना दीड वर्ष हे साहाय्य दिले. टेक्ससमधील हॅरिस काउंटीने सु. १,९०० कुटुंबांसाठी आखलेली अशीच योजना मात्र सुरूच होऊ शकली नाही. सार्वजनिक पैसा मोबदल्याविना खाजगी व्यक्तींना देणे हा राज्यघटनेचा भंग आहे, असे म्हणून राज्याच्या महान्यायवादींनी एप्रिल २०२४ मध्ये दावा लावला व जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना रोखून धरली. निवड झालेल्या कुटुंबांना हप्त्याची वाट पाहत असतानाच ती बंद झाल्याचे कळले. संघशासनाने पैसा थेट काउंटीच्या हाती दिला, तरी डिलन यांच्या काळापासूनची राज्यांची हुकमत ओसरली नव्हती, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. आयोवा, आयडाहो इ. राज्यांनी तर अशा योजनांवर कायद्यानेच बंदी घातली.

वैद्यकीय कर्जाची माफी हा आणखी एक अभिनव उपयोग होय. रुग्णालयांची थकलेली देयके वसुली-बाजारात मूळ रकमेच्या अल्पांशाने विकली जातात. ती विकत घेऊन रद्द करणाऱ्या एका ना-नफा संस्थेस कुक काउंटीने १ कोटी २० लाख डॉलर दिले. ओहायओतील टोलीडो शहर व लूकस काउंटी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळून १६ लाख डॉलर दिले व त्यातून २४ कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज रद्द होईल असा अंदाज वर्तविण्यात आला. ऋणको नागरिकास यासाठी अर्ज करावा लागत नसे. कर्ज रद्द झाल्याचे पत्रच त्याच्या घरी येई. बॉस्टनने ८० लाख डॉलर खर्चून २३, २८ व २९ या तीन बसमार्गांवर मार्च २०२२ पासून दोन वर्षे मोफत प्रवास सुरू केला. ऑस्टिनने २०२१ मध्ये बेघरांच्या निवाऱ्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम राखून ठेवली. महासाथीच्या काळात वाढलेल्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर संघशासनाने पोलीस दले आणि वस्त्यांतील हिंसाचार-प्रतिबंधक कार्यक्रम यांवर खर्च करण्यास उत्तेजन दिले. मे २०२२ पर्यंत सार्वजनिक सुरक्षिततेसाठी या निधीतून दहा अब्ज डॉलर बाजूस काढले गेल्याचे बायडन यांनी जाहीर केले.

पाणी व मलनिःसारण यांची कामे तुलनेने निर्विवाद होती व दीर्घकाळ टिकणारीही. मिसिसिपी राज्याने २०२२ मध्ये आपल्या वाट्यातील ४५ कोटी डॉलर गावांनी पाण्याच्या कामावर लावलेल्या रकमेस जोड देण्यासाठी ठेवले. याच राज्याची राजधानी जॅक्सन येथे ऑगस्ट २०२२ मध्ये पाणीपुरवठा कोसळून दीड लाख वस्तीच्या शहरात नळ कोरडे पडले. जॅक्सननेही या जोडनिधीचा आधार घेतला. परंतु अनेक दशके साचलेल्या दुरवस्थेपुढे शहराच्या वाट्याचे सु. ४ कोटी २० लाख डॉलर नगण्य होते. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसला तेथील पाण्यासाठी ६० कोटी डॉलरची स्वतंत्र तरतूद करावी लागली.

पैसा असूनही काम का होत नाही, याचे बोलके उदाहरण नॅव्हाहो राष्ट्राचे आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या राज्यांत पसरलेल्या त्याच्या भूमीवरील सु. एकतृतीयांश घरांत नळाचे पाणी नव्हते आणि महासाथीच्या आरंभी तेथील संसर्गाचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांपैकी एक होते. वारंवार हात धुवा, हा उपदेश तेथे पाळणार कसा, असा प्रश्न होता. या राष्ट्रास २ अब्ज डॉलरहून अधिक निधी मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक प्रौढास २,००० व प्रत्येक मुलास १,००० डॉलर देण्यासाठी ५५ कोटी ७० लाख डॉलर मंजूर झाले व ते त्वरेने वाटले गेले. जुलै २०२२ मध्ये पाणी, वीज, ब्रॉडबँड व घरे यांसाठी १ अब्ज ७ कोटी डॉलर मंजूर झाले, परंतु ही कामे मंद गतीने चालली. आरक्षित भूमीची मालकी संघशासनाकडे विश्वस्त म्हणून असल्याने प्रत्येक नळमार्गासाठी मोजणी, मार्गाधिकार, पुरातत्त्वीय व पर्यावरणीय संमती आणि भूमीवर चराईचे हक्क असलेल्यांची मान्यता मिळवावी लागते. यांतच वर्षे गेली. मधल्या काळात नळ, तारा आणि मजुरी यांचे भाव चढले. रोकड काही महिन्यांत पोहोचली, परंतु पाणी पोहोचण्यास वेळ लागला.

आक्षेप : काही ठिकाणचा खर्च निधीच्या उद्देशाशी विसंगत असल्याची टीका झाली. फ्लॉरिडातील ब्रोवर्ड काउंटीने १४ कोटी डॉलर एका सभागृह-संकुलाला लागून उभारावयाच्या आलिशान हॉटेलाकडे वळविले, तर न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीने बेसबॉलच्या क्रीडांगणावर १ कोटी २५ लाख डॉलर लावले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गोल्फच्या मैदानांची सिंचनव्यवस्था सु. ६६ लाख डॉलरला बसविण्यात आली. यांपैकी बऱ्याच गोष्टी महसूल-भरपाईच्या सदराखाली नियमांत बसत होत्या. ॲलाबॅमा राज्याने तर आपल्या वाट्यातील ४० कोटी डॉलर नव्या तुरुंगांच्या बांधकामात घातले. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीच्या अध्यक्षांनी ट्रेझरी खात्याकडे हरकत घेतली. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने तरीही तो कायदा केला.

या फुटकळ प्रकरणांपेक्षा निधीच्या आकाराविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्यांचा महसूल भीती होती तितका घटला नाही. संघशासनाने नागरिकांना थेट दिलेल्या मदतीमुळे विक्रीकर व आयकर यांची आवक लवकर सावरली. मे २०२१ मध्ये, निधीचा पहिला हप्ता जात असतानाच, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी सु. ७६ अब्ज डॉलरची शिल्लक जाहीर केली. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री क्लेमेन्स व त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, महासाथकालीन संघीय साहाय्यातून राज्ये व स्थानिक शासने यांमधील एका नोकरीचे एक वर्ष टिकविण्यास साडेआठ लाख डॉलर पडले. जून २०२२ मध्ये ग्राहक-किंमतींची वार्षिक वाढ ९.१ टक्क्यांवर पोहोचली, तेव्हा समर्स यांच्या इशाऱ्याची अनेकांना आठवण झाली. तथापि चलनवाढीस युद्ध व पुरवठ्यातील खंड हीही कारणे होती आणि या निधीचा पैसा त्यावेळी बराचसा खर्चही झालेला नव्हता. नोकऱ्यांच्या मापाने घरदुरुस्ती, नळ किंवा कर्जमाफी यांचे मूल्य ठरत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. राज्यांना दिलेल्या रकमेचे समर्थन करणे कठीण असले, तरी शहरे व गावे यांच्याबाबतीत तोच निष्कर्ष सरसकट काढता येत नाही.

मुदत व उत्तरस्थिती : निधी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करारबद्ध करावा व ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत प्रत्यक्ष खर्चावा, न पेक्षा परत करावा, अशी अट होती. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने नियम सैल करून नैसर्गिक आपत्तींचे निवारण, महामार्ग व समुदाय-विकासाची कामे यांसही मुभा दिली. जून २०२३ च्या कर्जमर्यादेवरील तडजोडीत कोविडविषयक इतर शिल्लक रकमा परत घेण्यात आल्या, पण हा निधी वगळण्यात आला. पहिली मुदत जवळ येऊ लागताच अनेक शहरांनी रेंगाळलेल्या योजनांतून पैसा काढून तो पगार व देखभाल अशा तत्काळ खर्चाकडे वळविला. एकरकमी पैशातून सुरू केलेल्या आवर्ती सेवांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र नियमांनी सुटण्यासारखा नव्हता. मोफत बस, वस्तीतील समुपदेशक, मासिक रोकड यांचा खर्च दरवर्षी येतो. कुक काउंटीने रोकड-साहाय्य पुढे स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालू ठेवण्याचा मानस जाहीर केला, परंतु बहुतेक शहरांत असे प्रयोग निधीबरोबरच थांबले.

अडीच लाखांहून अधिक वस्तीची शहरे व काउंट्या आणि एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळालेली शासने यांनी दर तिमाहीस, तर लहान गावांनी वर्षातून एकदा ट्रेझरी खात्याकडे अहवाल पाठवावयाचा होता. निधी पूर्णपणे खर्च झाल्यानंतर वा परत केल्यानंतर पाच वर्षे सर्व कागदपत्रे जतन करण्याचे बंधन प्रत्येक लाभधारक शासनावर घालण्यात आले.